वाळवंटातला फोन आणि मोखाड्याचा पिवळा बोर्ड

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत. जे राहिलेत ते राहू देत.)

हेडफोन लावले असतील तर आज तुम्हाला थेट अमेरिकेतल्या एका वाळवंटात घेऊन जातो, आणि तिथून एसटीने जव्हारला. रूट विचित्र आहे, पण पोचू आपण.

कॅलिफोर्नियात मोजावे नावाचं वाळवंट आहे. तिथे मैलोन्‌मैल जोशुआची काटेरी झाडं, विजेच्या तारा आणि वारा, एवढंच. त्याच्या मधोमध एक टेलिफोन बूथ उभा होता. सगळ्यात जवळचा डांबरी रस्ता तिथून सुमारे १३ किलोमीटरवर. आता इथे फोन कोणी आणि कशाला लावला? तर १९४८ साली, त्या भागात ज्वालामुखीची राख खणणारे जे खाणकामगार होते, त्यांच्यासाठी. आधी हँडल फिरवायचा फोन होता, मग डायलचा आला, मग बटणांचा. खाणी मंदावल्या, माणसं पांगली, बूथ मात्र तसाच राहिला.

१९९७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका माणसाने या बूथबद्दल वाचलं आणि तो रोज त्या नंबरवर फोन करायला लागला. रोज रिंग वाजायची, उचलणार कोण? काही आठवड्यांनी एक दिवस लाइन एंगेज लागली! म्हणजे तिथे कोणीतरी बोलत होतं. पुन्हा पुन्हा लावल्यावर एका बाईंनी उचलला. त्या तिथल्याच खाणीवाल्या. घरी फोन नव्हता म्हणून बूथवर आल्या होत्या. हा किस्सा त्याने इंटरनेटवर टाकला आणि जगभरातून लोक त्या रिकाम्या बूथला फोन लावायला लागले. काही जण तर फोन उचलायला म्हणून वाळवंटात जाऊन बसले. एक माणूस तिथे ३२ दिवस तंबू ठोकून राहिला आणि त्याने पाचशेहून जास्त कॉल घेतले.

आणि मग १७ मे २००० रोजी बूथ काढला. तो भाग संरक्षित क्षेत्रात येत होता. गर्दीने निसर्गाला त्रास होतो असं तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याचं म्हणणं, आणि फोन कंपनीने बूथ उचलून नेला. नंबरही बंद. त्यावर नंतर लेख आले, सिनेमा आला, हळहळ व्यक्त झाली. अजूनही होते.

मला ही गोष्ट आवडते. पण दरवेळी ऐकताना एक प्रश्न पडतो. त्या बूथसाठी हळहळणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या घरी फोन होता. ज्या खाणीवाल्या बाईंच्या घरी नव्हता, त्यांचं पुढे काय झालं? त्यांनी फोन कुठून केला? गोष्टीत त्या एकदा येतात आणि जातात.

हाच प्रश्न घेऊन आता जव्हार-मोखाड्याला जाऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, सह्याद्रीच्या कुशीत, पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला, त्याआधी हे ठाणे जिल्ह्यात होते. जव्हार म्हणजे मुकणे राजघराण्याचं संस्थान, महादेव कोळी समाजाचं राज्य, १९४८ मध्ये विलीन झालं. जयविलास पॅलेसच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतीलच. जव्हारच्या नगरपालिकेने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. मोखाडा त्याच्याही आत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या वाटेवर. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३ हजारांच्या आसपास होती. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त आदिवासी: वारली, महादेव कोळी, ठाकर, कोकणा, कातकरी. रेल्वे दोन्हीकडे नाही.

आणि वाळवंट? अजिबात नाही. पावसाळ्यात इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, धबधबे बघायला मुंबईकर येतात. पण खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. वैतरणेचं पाणी धरणांतून मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. म्हणजे वर्षातून दोन-अडीच महिने वाळवंट म्हणालात तर तिथलं कोणी तुमच्याशी भांडणार नाही.

तर या भागात, स्टँडजवळ, बाजारपेठेत, पिवळ्या बोर्डावर काळ्या-लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. तुमच्यातल्या विशीतल्या मंडळींना ही तीन अक्षरांची लफडी नीट माहीत नसतील. एसटीडी म्हणजे सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग, दुसऱ्या गावाला थेट नंबर फिरवून लावायचा फोन. आयएसडी म्हणजे परदेशी. पीसीओ म्हणजे पब्लिक कॉल ऑफिस. मोखाड्यासारख्या ठिकाणी आयएसडी कोण लावणार होतं असं वाटेल, पण बोर्ड देशभर एकच छापलेला मिळायचा, म्हणून तीनही अक्षरं असायचीच.

याआधीचा जमाना ट्रंक कॉलचा. पोस्टात किंवा एक्स्चेंजमध्ये जाऊन कॉल ‘बुक’ करायचा, मग ऑपरेटर एकेक एक्स्चेंज जोडत जायचा, तोवर बाकावर बसून राहायचं. घाई असेल तर ‘अर्जंट’, फारच जिवावर बेतलं असेल तर ‘लाइटनिंग’, पैसे कैक पट. भारतात पहिली थेट एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. पण डोंगरातल्या तालुक्यांना त्याची वाट बघण्यात पुढची काही दशकं गेली. १९८०च्या सुमाराला अख्ख्या देशात पंचवीस लाखांच्या आसपास फोन होते आणि माणसं जवळजवळ सत्तर कोटी. त्यातलेही बहुतेक फोन शहरांत.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडं इंजिनिअरिंग ऐकावं लागेल, पळून जाऊ नका.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांचा यात मोठा वाटा. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये असं गणित मांडलं होतं. तेव्हा परदेशी एक्स्चेंज म्हणजे मोठमोठी यंत्रं: त्यांना एसी खोली लागायची, स्थिर वीज लागायची आणि ती शहरासाठी बनवलेली असायची. सी-डॉटच्या तरुण इंजिनिअर लोकांनी उलटीकडून सुरुवात केली. भारतातल्या खेड्यात काय नसतं याची यादी करा. एसी नसतो. वीज जाते. धूळ असते. दुरुस्तीला माणूस लवकर येत नाही. आता या सगळ्यात चालेल असं एक्स्चेंज बनवा. त्यातून १२८ पोर्टांचं रॅक्स, म्हणजे रूरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज, तयार झालं. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसवलं. एसीची गरज नाही.

मी रोज ज्या सिस्टिमवर काम करतो, तिथे आम्ही सर्व्हरच्या डेटा सेंटरचा एसी कधी डोक्यातच घेत नाही. तो असतोच. म्हणून ‘एसी नसेल’ हे गृहीत धरून केलेलं डिझाइन मला भारी वाटतं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडे झालेल्या सगळ्यात चांगल्या इंजिनिअरिंगपैकी हे एक आहे, आणि बीटेकच्या चार वर्षांत यावर एकही लेक्चर झालं नाही. असो.

दुसरी युक्ती तांत्रिक नव्हतीच. प्रत्येक घरात फोन देणं तेव्हा शक्य नव्हतं. मग एक फोन आणि त्यावर नजर ठेवणारा एक माणूस, असं केलं. सरकारी बाबू नाही, स्थानिक माणूस, त्याला कॉलमागे कमिशन. परवाने देताना अपंग, माजी सैनिक, विधवा यांना प्राधान्य. फोन चालू राहिला तरच त्याचं पोट चालणार, त्यामुळे लाइन बंद पडली की एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडणारा तोच. रस्त्यावर नाणं टाकायचा बेवारशी फोन आणि हा फोन यातला फरक एवढाच: याला घरचं माणूस होतं.

बूथ चालायचा कसा? काचेची केबिन, आत फोन, वर किंवा बाहेर लाल आकड्यांचं मीटर. समोरच्याने फोन उचलला की एक्स्चेंजकडून लाइनवर खूण यायची आणि मीटर धावायला लागायचं. हिशोब ‘पल्स’मध्ये. जवळच्या गावाला एक पल्स बराच वेळ पुरायचा, लांबच्या गावाला भराभर पडायचे. हजार किलोमीटरच्या पलीकडे भर दिवसा बोलायचं तर नव्वदच्या दशकात मिनिटाला ३० रुपयांच्या आसपास जायचे. रात्री दर उतरत जायचे, अकरानंतर पाव दर. मुंबईत म्हणून रात्री अकराला बूथबाहेर रांगा लागायच्या. शेवटी छोट्या प्रिंटरमधून कुर्रर्र करत पावती.

माझा मामा नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोखाडा तालुक्यात एका आश्रमशाळेवर शिक्षक होता. त्याला या ‘पाव दरा’चं नाव काढलं तरी हसू येतं. तो म्हणतो, “अरे, रात्री अकराला? सात वाजता बूथवाला शटर ओढायचा. शेवटची गाडी गेली की स्टँडवर फक्त कुत्री.” म्हणजे सवलत सरकारने सगळ्या देशाला दिली, पण ती घ्यायला रात्री जागं असणारं शहर लागायचं. मामा आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पूर्ण दराने आजीला फोन करायचा. डोळे मीटरवर, कान आजीकडे. आजी आधी “जेवलास का” विचारायची, मग सगळ्या गल्लीची खबर द्यायला लागायची, आणि वीस रुपये झाले की मामा म्हणायचा, “लाइन खराब आहे, ठेवतो.” लाइन उत्तम असायची.

पण बूथची खरी गोष्ट मामाची नाही. मामाला पगार होता. ती आहे ‘जगायला’ जाणाऱ्यांची.

हा शब्द नीट ऐका. जव्हार-मोखाड्यात कामासाठी गाव सोडून जाण्याला लोक ‘स्थलांतर’ म्हणत नाहीत. तो अहवालातला शब्द. लोक म्हणतात, “जगायला गेलेत.” भात-नागली निघाली, दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही रेतीच्या कामावर, काही बांधकामावर, काही नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यांत. मालकाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते, ती फेडायची. पाऊस यायच्या आधी परत. काही जण मध्ये होळीला घरी येतात, कारण होळी इथला मोठा सण. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घराचे दोन तुकडे: म्हातारी माणसं आणि काही मुलं पाड्यावर, हाताखाली काम असणारे खाली.

या दोन तुकड्यांमधे निरोप जायचा कसा? चिठ्ठी लिहिणारा-वाचणारा सापडेलच असं नाही. जाणायेणाऱ्याबरोबर तोंडी निरोप, हा जुना मार्ग. आणि मग बूथ. इथे ‘पीपी नंबर’ची भानगड येते. लग्नपत्रिकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर नंबरापुढे कंसात ‘पीपी’ लिहिलेलं तुम्ही जुन्या कागदांत पाहिलं असेल. फोन माझा नाही, शेजाऱ्याचा आहे, तो मला बोलावून देईल, असा त्याचा अर्थ. भट्टीवर गेलेल्या माणसाचा पीपी म्हणजे मालकाचं ऑफिस किंवा नाक्यावरची टपरी. गावाकडचा पीपी म्हणजे बाजारातला बूथ. खालून फोन यायचा, “अमक्या पाड्याच्या अमक्याला सांगा, शुक्रवारी अकरा वाजता थांबायला.” बूथवाला त्या पाड्याचं कोणी बाजारात दिसलं की त्याच्याकडे निरोप द्यायचा. शुक्रवारी तो म्हातारा चालत खाली यायचा, बूथच्या पायरीवर बसायचा, अकराची वेळ टळायची, बारा वाजायचे. फोन आला तर आला. आलेल्या कॉलचेही रुपया-दोन रुपये बूथवाले घ्यायचे.

याचा विचार करताना मला एक गोष्ट फार वेगळी वाटते. आज नंबर म्हणजे माणूस. माझा नंबर कुठेही गेला तरी मीच. तेव्हा नंबर म्हणजे जागा. तुम्ही माणसाला फोन करत नव्हता, एका ठिकाणाला करायचा, आणि मग ते ठिकाण तुमच्यासाठी माणूस शोधायचं. मोजावेतही तेच होतं की! लोक वाळवंटाला फोन लावायचे. फक्त तिथे कोण उचलेल याची गंमत होती, आणि इथे नेमकं ज्याच्याशी बोलायचंय तो आला का याची धाकधूक.

बरं, त्या काचेच्या केबिनला लोक आता ‘प्रायव्हसी’ वगैरे म्हणतात. कसली प्रायव्हसी! लाइनवर खरखर असली की ओरडून बोलावं लागायचं, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू. कोणाकडे गमी झाली, कोणाची उचल फिटली नाही, कोणाची पोर परत यायचं म्हणते, सगळं बाजाराला कळायचं. काच एवढ्यासाठीच उपयोगी होती की आतला माणूस रडत असला तर बाहेरच्यांना नजर दुसरीकडे वळवता यायची.

या भागाचं नाव महाराष्ट्राने मोठ्याने ऐकलं ते १९९२ मध्ये. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून जास्त मुलं दगावली. तेव्हाचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक होते, ते स्वतः तिथे गेले. त्यानंतर अधिकारी, डॉक्टर, पत्रकार, संस्था यांची ये-जा वाढली, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. एखाद्या पाड्यावर मूल आजारी आहे ही खबर आधी आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे, तिथून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात, तिथूनही पुढे नाशिकला किंवा ठाण्याला. या साखळीत चालत जायची कडी किती लांब आणि फोनची किती, यावर खूप काही अवलंबून असतं. म्हणून मी बूथबद्दल बोलताना फक्त पावतीच्या कुर्रर्र आवाजावर थांबू शकत नाही.

सरकारलाही हे कळत होतं, असं कागद सांगतात. १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने सांगितलं की १९९७ पर्यंत देशातल्या सगळ्या गावांत फोन. १९९९च्या धोरणाने तीच गोष्ट २००२ पर्यंत ढकलली. ‘ग्रामीण सार्वजनिक टेलिफोन’ अशी योजना होती, गावात निदान एक. पण डोंगरात प्रत्येक पाड्यापर्यंत तांब्याची तार ओढणं महाग, आणि ओढली तरी पहिल्या वादळात झाड पडून तुटायची. मग रेडिओवर चालणारी एक पद्धत आणली, तिचं नाव मार, मल्टी अ‍ॅक्सेस रेडिओ रिले. नाव थोडं अपशकुनीच म्हणायचं. एका टॉवरभोवतीच्या अनेक गावांनी मोजके रेडिओ चॅनल वाटून घ्यायचे. गावात अँटेना, बॅटरी, सोलर पॅनल. कल्पना वाईट नव्हती. पण बॅटरी गेली की फोन गेला, आणि कमिशनवर जगणारा बूथवाला इथे नव्हताच, त्यामुळे भांडायला कोणी जायचं नाही. देशभरात हे फोन इतके नादुरुस्त राहिले की पुढे ‘भारत निर्माण’च्या काळात असे पावणेदोन लाखांहून जास्त फोन बदलावे लागले. त्याच कार्यक्रमात एकही फोन नसलेली म्हणून मोजलेली गावं ६६,८२२ होती. आणि यात ‘गाव’ म्हणजे महसुली गाव बरं का. मोखाड्यात एका महसुली गावाचे पाच-सहा पाडे दोन-तीन डोंगरांवर पसरलेले असतात. एका पाड्यावर फोन लागला की अख्खं गाव यादीत हिरवं.

मामाच्या शाळेजवळच्या गावात असा एक फोन होता. तो म्हणतो, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग सोलर पॅनलवर मिरच्या वाळवायला झाला. मामा वाढवून सांगतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण फोन बंद होता एवढं खरं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ३१ जुलै १९९५ ला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून दिल्लीला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००६ मध्ये रुपयात एक मिनिट देशात कुठेही, अशी योजना आली. एवढ्यात बूथचं गणितच मोडलं. ज्याच्या कमिशनवर फोन जिवंत होता, ते कमिशनच राहिलं नाही. बूथवाल्यांनी आधी झेरॉक्स मशीन ठेवलं, मग रिचार्ज विकायला लागले, मग केबिन काढून तिथे फ्रीज ठेवला. मोजावेच्या बूथला तारीख आहे, १७ मे २०००. न्यूयॉर्क शहरानेही आपला शेवटचा सार्वजनिक पेफोन २३ मे २०२२ ला क्रेनने उचलला, कॅमेरे होते, भाषणं झाली. आपल्याकडे लाखो बूथ गेले आणि कोणाला तारीख आठवत नाही. एक दिवस बोर्ड होता, मग त्यावर दुसऱ्या कंपनीचा फ्लेक्स लागला.

शहरात याने काही बिघडलं नाही. बूथ गेला तेव्हा खिशात फोन होता. मोखाड्यात क्रम चुकला. बाजारपेठेतले बूथ गेले, कारण बाजारपेठेत रेंज आली. पण त्याच बूथवर अवलंबून असलेल्या आतल्या पाड्यांवर रेंज आलीच असं नाही. डोंगराच्या सावलीत टॉवरचा सिग्नल जात नाही, एवढं साधं फिजिक्स आहे. त्यामुळे माणसाच्या हातात मोबाइल असतो, पण बोलायला तो टेकडीवर चढतो. कुठल्या दगडावर उभं राहिलं की दोन काड्या येतात, हे पोरांना पाठ असतं. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीनही नेटवर्क मागतं, तेव्हा रांग पुन्हा त्याच टेकडीची.

२०२० मध्ये शाळा ऑनलाइन गेल्या तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. याच भागातल्या डांडवळ गावी दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली: रेकॉर्ड केलेले धडे लाउडस्पीकरवर लावायचे आणि मुलं समोर बसून ऐकायची. पॉडकास्टच म्हणा ना! आपण इथे हेडफोनमध्ये जे करतोय, तेच स्पीकरवर, झाडाखाली. नेटवर्कशिवाय आवाज पोचवायची ही युक्ती मला रॅक्सच्या डिझाइनची सख्खी बहीण वाटते.

आणि मग १०८. महाराष्ट्रात ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. चांगली सेवा आहे, तिने माणसं वाचवली आहेत. पण तिची पहिली पायरी आहे, १०८ लावा. गरोदर बाईला कळा सुरू झाल्या, रस्ता नाही, तर झोळीची डोली करून माणसं तिला खांद्यावर आणतात, अशा बातम्या मोखाडा-जव्हारमधून आजही येतात. अशा बातमीत रस्त्याचा उल्लेख असतो. त्याआधी कोणीतरी रेंज शोधत टेकडीवर धावलेला असतो, त्याचा नसतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. टॉवर उभे राहतायत. मला खरंच वाटतं की यातून बराच फरक पडेल. फक्त पुन्हा एकदा यादीत ‘गाव’ आहे की ‘पाडा’ आहे हे बघायला हवं, आणि टॉवरची बॅटरी गेली तर भांडायला कोण जाणार हेही. बूथवाल्याची जागा कोणत्याच योजनेत नाही.

हे रेकॉर्ड करायच्या आधी एका मित्राने विचारलं, मग तुला बूथ परत हवाय का? नाही बाबा. तीन तास पायरीवर बसून फोनची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला त्यात काय गोड वाटलं असेल? इंस्टाग्रामवर पिवळा बोर्ड टाकून ‘ते दिवस’ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी तेव्हाही लँडलाइन होती, मोजावेच्या चाहत्यांसारखी. पण हळहळ सगळीच खोटी असते असंही मी म्हणणार नाही. जपानमध्ये ओत्सुची गावात एका माणसाने २०१० मध्ये आपल्या बागेत पांढरी फोन केबिन ठेवली. आत काळा डायलचा फोन, वायर कशालाच जोडलेली नाही. चुलतभाऊ गेला होता, त्याच्याशी बोलायला. पुढच्या वर्षी त्सुनामी आली, आणि तेव्हापासून हजारो लोक तिथे येऊन गेलेल्या माणसांशी बोलून गेले. त्याला वाऱ्याचा फोन म्हणतात. रिसीव्हर उचलून, एका जागी उभं राहून बोलण्यात काहीतरी असावं, ज्याची माणसाला गरज पडते. मामाला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “आजीला वीस रुपयांनंतर कापायचो, तेवढं फक्त पुरं करून घेतलं असतं.”

जव्हारचा एसटीडी कोड ०२५२०, मोखाड्याचा ०२५२९. दोन्ही अजून चालू आहेत, सरकारी कार्यालयांच्या पाट्यांवर दिसतात. तुमच्या घरी कोणाची तिकडे नोकरी झाली असेल, किंवा तुम्ही तिकडचेच असाल, तर घरातल्या जुन्या डायरीत बघा. या कोडनंतर पाच-सहा आकडे आणि पुढे ‘पीपी’ लिहिलेलं सापडलं, तर तो नंबर कोणाच्या दुकानाचा होता आणि तिथून बोलवायला कोण यायचं, एवढं घरच्यांना विचारून आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. नंबर सांगू नका, फक्त गोष्ट सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये त्या ऐकवू.